वाचक विचारतात: पाण्यात, धुळीत आणि खाऱ्या हवेत टिकणारा कॅमेरा

पावसाळा जवळ आला की सदराकडे येणाऱ्या पत्रांत कॅमेरा भिजल्याच्या, धुकटल्याच्या आणि बंद पडल्याच्या तक्रारी वाढतात. या वेळी त्यांतलेच काही प्रश्न घेतले आहेत.

माझगावच्या गोदीत जहाज दुरुस्तीच्या कामावर देखरेख करतो. टाक्यांमधला गंज, वेल्डिंगच्या भेगा, झिजलेले व्हॉल्व्ह यांचे फोटो अहवालाला लागतात. दर पावसाळ्यात एक फोन जातो. वेगळा दणकट कॅमेरा घ्यावा का? घ्यायचा तर कोणता?
— एक वाचक, माझगाव

घ्या. गोदीत फोन बहुतेक दोन कारणांनी जातो: चार्जिंगच्या खाचेत खारं पाणी शिरतं, नाहीतर काच आपटते. दणकट कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात सगळ्या खाचा रबरी पॅकिंग असलेल्या दाराआड असतात. शिवाय झूम करताना त्याचं भिंग बाहेर येत नाही, आतल्या आत सरकतं. साध्या कॅमेऱ्याची नळी बाहेर-आत होताना हवा ओढते आणि हवेबरोबर गंजाची भुकटीही आत जाते. त्यामुळे साधा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून भागवायचा विचार असेल, तर तो सोडून द्या.

निवडीला आता फारशी मॉडेल्स उरलेली नाहीत. निकॉन डब्ल्यू ३०० आणि फुजीफिल्म एक्सपी १४० बंद झाली. तुमच्यासाठी विचारात घेण्यासारखी दोन: ओएम सिस्टीमचा टीजी-७ आणि रिकोचा डब्ल्यूजी-८०. टीजी-७ हा ऑलिम्पसच्या (आता ओएम सिस्टीम) टीजी मालिकेतला २०२३ सालचा कॅमेरा. १२ मेगापिक्सेल, पाण्यात १५ मीटरपर्यंत, २.१ मीटरवरून पडला तरी चालेल आणि १०० किलोचा दाब सोसेल, असं कंपनी सांगते. डब्ल्यूजी-८० ला १६ मेगापिक्सेल, १४ मीटर आणि १.६ मीटर.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर जाऊ नका. टाकीत प्रकाश नसतो, म्हणून भिंग किती उजेड आत घेतं ते बघा. टीजी-७ चं भिंग रुंद बाजूला एफ २ पर्यंत उघडतं, डब्ल्यूजी-८० चं एफ ३.५ पर्यंत (आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त); म्हणजे पहिल्यात जवळजवळ तिप्पट उजेड येतो. टीजी-७ रॉ फाइलही, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंदही, देतो, त्यामुळे काळवंडलेल्या कोपऱ्यातला तपशील नंतर वर काढता येतो. डब्ल्यूजी-८० ची जमेची बाजू म्हणजे भिंगाभोवती बसवलेले सहा एलईडी. हातभर आत घालून भेगेचा जवळून फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्याचीच सावली पडते, ती या दिव्यांनी पडत नाही. टीजी-७ ला त्यासाठी एलजी-१ नावाची प्रकाश पसरवणारी कडी वेगळी घ्यावी लागते. एकूण कामासाठी आमची पसंती टीजी-७ अधिक एलजी-१. पैसे कमी असतील आणि बहुतेक फोटो जवळूनच घ्यायचे असतील तर डब्ल्यूजी-८०.

एक अपेक्षा मात्र आधीच कमी करा. या दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर १/२.३ इंच वर्गातला, म्हणजे नखाएवढा आहे. चांगल्या फोनचा फोटो अंधारात याहून स्वच्छ दिसू शकतो. तुम्ही पैसे मोजता ते कॅमेरा टिकण्यासाठी, ओल्या हातमोज्यांनी दाबता येणाऱ्या बटणांसाठी आणि एक सेंटिमीटरवरून घेता येणाऱ्या फोटोसाठी.

सकाळी कोरड्या टेबलावर पूर्ण भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घाला, दार बंद करा आणि संध्याकाळपर्यंत उघडू नका. टाकीत उतरण्याआधी वायूची तपासणी झाल्याचा दाखला लागतोच. त्या बाबतीत पुढचं माहुलचं उत्तर वाचा.

माहुलच्या तेल प्रकल्पात कंत्राटी कामं घेतो. वॉटरप्रूफ आणि शॉकप्रूफ कॅमेरा टाक्यांच्या आवारात नेला तर चालेल ना?
— एक वाचक, चेंबूर

नाही. पाणी आत जात नाही याचा अर्थ ठिणगी बाहेर येत नाही, असा होत नाही. साध्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरलेला असतो. बॅटरीचे संपर्क, बटणं, खाली पडून फुटलेलं दार, प्लास्टिकच्या अंगावर साठणारी स्थिर वीज हे सगळं ज्वालाग्राही वाफ पेटवण्यास पुरेसं ठरू शकतं.

अशा जागा, ज्वालाग्राही वाफ तिथे किती वेळ असते त्यानुसार, झोन ०, १ आणि २ अशा विभागलेल्या असतात. तिथे त्या झोनसाठी, तिथल्या वायूच्या गटासाठी आणि तापमानाच्या वर्गासाठी प्रमाणित ‘ईएक्स’ (स्फोटक वातावरणासाठीच्या) खुणेचाच कॅमेरा चालतो. भारतात या मान्यतेचं काम नागपूरची पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, बघते. विकणाऱ्याने दाखवलेल्या प्रमाणपत्रावरचा मॉडेल क्रमांक, झोन आणि गट प्रकल्पाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवा आणि त्याच्याकडून लेखी परवाना घ्या. हे कॅमेरे महाग असतात. वर्षातून दोन-चारदाच फोटो लागत असतील, तर प्रकल्पाकडे असलेला प्रमाणित कॅमेरा मागणं परवडतं. झोनबाहेर उभं राहून लांबून झूम करायचं असेल तरीही आधी विचारा. अशा आवारात फोटो काढण्यावर वेगळी बंदी असते.

खोक्यावर ‘आयपी ६८’ आणि ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलेलं असतं. याचा नेमका अर्थ काय? माझा फोनही आयपी ६८ आहे, मग कॅमेरा कशाला?
— एक वाचक, मुलुंड

आयपीमधला पहिला आकडा धुळीचा; ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही. दुसरा पाण्याचा; ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती कठीण ते कंपनीने ठरवायचं. म्हणून दोन आयपी ६८ वस्तूंमध्ये एक दीड मीटरची आणि दुसरी १५ मीटरची असू शकते. आकड्याशेजारी खोली आणि वेळ छापलेली नसेल तर त्या ८ वर काही ठरवू नका.

दोन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही. पहिली, ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. खारं पाणी, साबण, क्लोरीन त्यात नसतं. दुसरी, ७ किंवा ८ मिळालं म्हणजे ५ आणि ६ आपोआप मिळत नाहीत. ते आकडे पाण्याच्या फवाऱ्याचे आहेत आणि त्यांची चाचणी वेगळी होते. ससून डॉकवर मासळीची फरशी पंपाने धुतात, तशा झोताखाली बुडण्याची चाचणी पास झालेली वस्तूही गळू शकते. उच्च दाबाच्या गरम झोतासाठी ९ हा आकडा लागतो.

‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे बहुतेक वेळा अमेरिकी एमआयएल-एसटीडी-८१० या मानकातल्या काही चाचण्या. कोणत्या, ते कंपनी निवडते. त्यातली पडण्याची नेहमीची चाचणी १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा, जाड प्लायवूडवर होते आणि ती पाच नगांत वाटून घ्यायलाही मुभा आहे. तुमच्या इमारतीच्या जिन्याला प्लायवूड नसतं.

फोनचं म्हणाल तर पावसाला तो पुरतो. पाण्याखाली मात्र स्पर्शाचा पडदा काम करत नाही, आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

हाजी अली आणि गिरगाव चौपाटीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी समुद्री गोगलगायी, शंखातले खेकडे, समुद्रफुलं यांचे फोटो काढायचे आहेत. कॉलेजात शिकते, त्यामुळे एकदाच खर्च करू शकेन.
— एक वाचक, ग्रँट रोड

या कामाला टीजी-५, टीजी-६ किंवा टीजी-७ यांपैकी जो परवडेल तो घ्या. जवळून फोटो घेण्याची ताकद तिघांत जवळपास सारखी आहे. मायक्रोस्कोप मोड लावा. त्यातच फोकस स्टॅकिंग आहे: कॅमेरा वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन त्यांचा एक करतो, त्यामुळे नखाएवढ्या गोगलगायीची शिंगं आणि पाठ दोन्ही स्पष्ट येतात. प्राणी हलत असेल तर मात्र स्टॅकिंग बंद करा, नाहीतर दुहेरी कडा दिसतात.

डबक्यातल्या पाण्यावर आकाश चमकतं आणि फोटो पांढुरका येतो. त्यावर उपाय सोपा आहे: भिंग पाण्यात बुडवा आणि मग फोटो घ्या. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे मिळतो. फ्लॅश बंद ठेवा. मुंबईच्या पाण्यात गाळ खूप असतो आणि त्याचा प्रत्येक कण फ्लॅशमध्ये पांढरा ठिपका होऊन उमटतो.

हे कॅमेरे तरंगत नाहीत. टीजी-७ चं वजन सुमारे २५० ग्रॅम आहे आणि हातातून सुटला तर तो सरळ तळाला जातो. तरंगणारा पट्टा घ्या, आणि घरी बादलीत कॅमेऱ्यासकट तो तरंगतो का ते आधी बघा. स्वस्त पट्टे कॅमेऱ्याला घेऊन बुडतात.

घरी परतल्यावर, शक्यतो तासाच्या आत, कॅमेरा दार बंद ठेवून गोड्या पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा. त्या वेळात सगळी बटणं पाण्याखाली दाबा, म्हणजे फटींतलं मीठ निघतं. मीठ वाळलं की त्याचे खडे होतात आणि बटणाखालचं पॅकिंग कापतात. जोराच्या नळाखाली धरू नका, साबण लावू नका, ड्रायर फिरवू नका. मऊ फडक्याने टिपून सावलीत वाळवा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच दार उघडा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत ओहोटी सर्वांत खाली जाते. वेळापत्रकातल्या ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरा आणि पाणी फिरलं की परत या. प्राणी हलवू नका, दगड उलटला तर जसा होता तसा ठेवा.

पंधरा मीटरची हमी असलेला कॅमेरा तारकर्लीला नेला. दोन-तीन मीटर खोल पाण्यातच आत पाणी शिरलं. खोलीची हमी खोटी समजायची का?
— एक वाचक, दादर

खोटी म्हणता येत नाही. ती खोली नव्या, स्वच्छ आणि नीट बंद केलेल्या पॅकिंगसाठी असते. दहा मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जादा दाब पडतो, आणि चांगलं पॅकिंग तो सहज पेलतं. उलट दाबाने ते अधिक घट्ट बसतं. कमी खोलीवर दाब थोडा असतो, त्यामुळे पॅकिंगखाली अडकलेला एक केस किंवा वाळूचा कण तिथे जास्त त्रास देतो.

शक्यता अशा: दाराच्या कडेला वाळू किंवा केस, दार बंद पण वरचा लॉक अर्धाच, सनस्क्रीनचं तेल लागून फुगलेलं रबर, वर्षानुवर्षं न बदललेलं पॅकिंग, आणि सर्वांत नेहमीचं कारण, पाण्यातून वर आल्यावर ओलं दार उघडून कार्ड काढणं. दाराच्या कडेला अडकलेले थेंब तेव्हा सरळ आत जातात आणि दोष मात्र पुढच्या बुडीला लागतो.

आणखी एक कारण क्वचितच कुणाच्या लक्षात येतं. बोटीच्या फळीवर उन्हात ठेवलेला कॅमेरा ४५ अंशांपर्यंत तापला आणि तसाच २७ अंशांच्या पाण्यात गेला, तर आतली हवा आकसते आणि आतला दाब पाच-सहा टक्क्यांनी घटतो. अर्धा मीटर जादा पाणी डोक्यावर असल्यासारखाच तो फरक आहे, आणि तो नेमका उडी मारताना, लाटेचा तडाखा बसताना पडतो. कॅमेरा सावलीत ठेवा आणि उडी मारण्याऐवजी तो हातात घेऊन हळू पाण्यात न्या.

आता तुमच्या कॅमेऱ्याबद्दल. चालू करून बघू नका. बॅटरी काढा आणि ती पुन्हा कधीच चार्ज करू नका. खारं पाणी लागलेली लिथियम बॅटरी नंतरही तापू शकते. ती पेटण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवून ई-कचऱ्यात द्या. कार्ड काढून गोड्या पाण्यात धुवा, दोन दिवस वाळवा आणि मग संगणकात लावा. कार्डातले फोटो बहुतेकदा वाचतात. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, मीठ आतच राहतं आणि तासागणिक सर्किट खातं. लगेच दुरुस्तीला नेणं एवढंच हाती आहे, आणि खारं पाणी आतपर्यंत गेलेला कॉम्पॅक्ट क्वचितच परत येतो.

पुढच्या कॅमेऱ्यासाठी: दार बंद करण्याआधी पॅकिंगवर तिरपा उजेड टाकून बघा, धागे न सुटणाऱ्या कोरड्या फडक्याने पुसा, बोट फिरवून चीर लागते का ते पाहा. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावू नका. ग्रीस फक्त वेगळ्या डायव्हिंग केसच्या रिंगला, आणि तेही केससोबत आलेलंच. पॅकिंग वर्षातून एकदा सेवा केंद्रात बदलून घ्या. म्हणून खरेदीपूर्वीच विचारा की त्या मॉडेलचं पॅकिंग इथे बदलून मिळतं का. परदेशातून आणलेल्या मालाचं गाडं तिथेच अडतं.

जुलैत एसी गाडीतून उतरलो की भिंग धुकट होतं. कधीकधी धुकं काचेच्या आतून दिसतं. कॅमेरा बिघडलाय का?
— एक वाचक, ठाणे

बाहेरचं धुकं म्हणजे बिघाड नाही. पावसाळ्यात २९ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. गाडीत २२ अंशांवर थंड झालेल्या काचेवर त्या हवेतलं पाणी जमणारच. उतरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटं तशीच पिशवी बंद ठेवा. पाणी पिशवीवर जमतं, काचेवर नाही. घाई असेल तर कॅमेरा डिकीत ठेवा, तिथे एसी पोचत नाही.

आतलं धुकं म्हणजे तुम्ही दार दमट हवेत उघडलं आणि ती हवा आत कोंडली गेली. बॅटरी-कार्ड बदलण्याचं काम एसी खोलीत करा. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १३ अंशांच्या जवळ असतो, तशी हवा आत असेल तर आपल्या समुद्रात धुकं धरणार नाही. आत्ता आलेलं घालवायला बॅटरी काढून, दार उघडं ठेवून कॅमेरा रात्रभर सिलिका जेलच्या घट्ट डब्यात ठेवा. धुकं गेल्यावर काचेमागे पांढुरका डाग उरला, किंवा तेच धुकं पुन्हा पुन्हा येत राहिलं, तर पॅकिंग गळतंय. पाण्यात नेणं थांबवा.

एरवीही तोच डबा वापरा. आत स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ६०-७० च्या वर बुरशी धरते. केशरी रंगाचं सिलिका जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास, मूळ रंग परत येईपर्यंत तापवा.

लालबागच्या विसर्जन मिरवणुकीचे फोटो काढतो. गुलाल आणि पाऊस एकदम. मोठा कॅमेरा विकून दणकट कॉम्पॅक्ट घेऊ का?
— एक वाचक, परळ

विकू नका. संध्याकाळनंतरच्या गर्दीत लहान सेन्सर तुमच्या उपयोगाचा नाही. मोठ्या कॅमेऱ्यातच सीलबंद अंग आणि सीलबंद लेन्स अशी जोडी बघा; दोन्हींपैकी एकच सीलबंद असेल तर उपयोग शून्य. बहुतेक कंपन्या नुसतं ‘वेदर सील्ड’ लिहितात, आकडा देत नाहीत. ओएम सिस्टीमच्या ओएम-१ ला आयपी ५३ आहे, तेही ठराविक लेन्स लावल्यावर. म्हणजे मर्यादित धूळ आणि वरून, फार तर ६० अंश तिरपा पाऊस. बुडवायचा नाही.

आमच्या मते गुलाल पावसापेक्षा वाईट. तो बारीक असतो, घामात आणि पाण्यात विरघळून रंग सोडतो आणि झूमच्या कड्यात शिरतो. लेन्स घरीच लावून या आणि मिरवणूक संपेपर्यंत बदलू नका. समोर साधा यूव्ही फिल्टर लावा, रेनकव्हर चढवा आणि झूमचा सांधा मास्किंग टेपने झाका. घरी आल्यावर आधी ब्लोअरने कोरडा गुलाल उडवा, मग मऊ ब्रश फिरवा आणि ओलं फडकं शेवटी. सुरुवातीलाच ओल्या फडक्याने पुसलं तर रंग फटीत बसतो.

पुनर्विकासाच्या साइटवर तोडकाम आणि कोअर कटिंग चालू असतं. कॅमेऱ्यावरची सिमेंटची धूळ कशी साफ करावी? आणि या फोटोंना पुढे वादात किंमत राहील ना?
— एक वाचक, जोगेश्वरी

सिमेंटची धूळ कोरडीच काढा, ब्लोअर आणि ब्रशने. ती खरखरीत असते, घासली की काचेवर ओरखडे. ओली झाली की क्षारयुक्त लगदा होऊन दाराच्या फटीत घट्ट होतो. बरीच धूळ गेल्यावर दार बंद असलेला वॉटरप्रूफ कॅमेरा भरपूर पाण्यात विसळायला हरकत नाही.

फोटोंच्या बाबतीत: कॅमेऱ्याचं घड्याळ दर आठवड्याला फोनशी जुळवा, जीपीएस असेल तर चालू ठेवा, प्रत्येक भेगेचा एक लांबून आणि एक पट्टी ठेवून जवळून असा जोडफोटो घ्या. मूळ फाइल जशीच्या तशी जपा. व्हॉट्सॲपवरून गेलेली प्रत दाबली जाते आणि तिच्यातली माहिती पुसली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा ओळख-संकेत, द्यावं लागतं. मूळ फाइलच हातात नसेल तर वकीलही फार काही करू शकत नाही.

फोर्टच्या बोरा बाजारात जुना टीजी-५ मिळतोय. घ्यावा का? काय तपासू?
— एक वाचक, डोंबिवली

जमिनीवरच्या धुळीसाठी आणि पावसासाठी जरूर घ्या. पाण्याखाली न्यायचा असेल तर पॅकिंग बदलल्याची पावती असल्याशिवाय नको.

दुकानातच दार उघडून बॅटरीचे संपर्क बघा. हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर व्यवहार तिथेच संपला. भिंगात टॉर्च मारून आत ठिपके, जाळं किंवा पाण्याचा सुकलेला वळसा आहे का पाहा. कोपऱ्यांवर खोल खच असेल तर दाराची चौकट वाकलेली असू शकते. दाराच्या चारही कडांना कागदाची पट्टी अडकवून दार बंद करा आणि ओढा. एखाद्या कडेला ती सहज निसटली तर तिथून पाणी जाणार.

घरी आणल्यावर बॅटरी आणि कार्ड काढा, बॅटरीच्या खणात कोरड्या टिश्यूची घडी ठेवा, दार लॉक करा आणि कॅमेरा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. मधूनमधून बटणं दाबा. बुडबुड्यांची माळ एकाच जागेवरून येत राहिली तर तिथे गळती आहे. बाहेर काढून पूर्ण पुसा, दार खाली धरून उघडा आणि टिश्यू बोटांनी चाचपा. किंचितही दमट लागला तर तो कॅमेरा पाण्यासाठी नाही. कोरडा निघाला तरी ही परीक्षा बादलीभर दाबाचीच झाली. पॅकिंग बदलेपर्यंत त्याला गुडघाभर पाण्यापलीकडे नेऊ नका. आणि ही चाचणी परत करण्याच्या मुदतीत करायची आहे, तेव्हा ती मुदत बिलावर लिहून घ्या.